पाठमोरा कोच

माझ्या बहिणीशी मी बावन्न वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. भांडण नाही, वैर नाही. ती माझी बहीण आहे, एवढंच कारण. तिचं नाव मी इथेही घेत नाही. लहानपणी आम्ही एका चटईवर झोपलो, एका थाळ्यातला मासा खाल्ला. मग माझा आवाज फुटला, आणि एका रविवारी आईने आमच्या चटया वेगळ्या खोल्यांत टाकल्या. तेव्हापासून ती ज्या दाराने आत येते त्याच्या दुसऱ्या दाराने मी बाहेर पडतो. तिला काही हवं असेल तर ती माझ्या बायकोला सांगते. याला आमच्याकडे मान म्हणतात. आमच्या लाऊ द्वीपसमूहाच्या इतर बेटांवर आता पोरं हे सैल धरतात, राजधानीत, सुव्याला, तर कोणी पाळतच नाही असं ऐकतो. आमचं बेट लहान आहे, बोट महिन्यातून एकदा येते, आणि आम्ही पाळतो.

सख्खी तशीच चुलत आणि मावस. ती सगळी भावंडंच, त्यांच्याशी बोलणं नाही. आते-मामे मात्र थट्टेची. त्यांना काय वाटेल ते बोलावं, त्यांची होडी न विचारता न्यावी, त्यांनी आपली इज्जत चारचौघांत काढावी आणि आपण हसावं. आणि ही थट्टा बहिणीच्या कानावर कधी पडू देऊ नये. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

इसिकेली माझा भाचा, त्या बहिणीचा धाकटा मुलगा. थोरला वाइसेआ. वाइसेआ समुद्रकाकडी काढायला व्यापाऱ्यांच्या बोटीवर गेला होता. पाठीला हवेची टाकी बांधायची, पंचवीस-तीस वाव खाली जायचं, तळावर सरपटणाऱ्या त्या काळ्या, लिबलिबीत काकड्या पोत्यात भरायच्या आणि वर यायचं. खोल बुडी मारलेल्या माणसाला हळूहळू, थांबत थांबत वर यावं लागतं, पण पोत्यावर पैसे असतात आणि थांबण्यावर नसतात. वाइसेआ एकविसाव्या वर्षी वर आला तो कमरेखालचं शरीर खालीच ठेवून. तेव्हापासून तो बहिणीच्या घरात मागच्या खोलीत पडून आहे. त्याच्या खोलीला खिडकी नाही. त्याने स्वतःच ती खोली मागितली.

त्या घरात दुसरा मिळवता हात इसिकेलीचा. तोही त्याच बोटीवर जायचा होता. पिशवी भरून झाली होती. त्याच आठवड्यात मेलबर्नकडच्या एका संस्थेचं पत्र आलं की बेटांवरच्या मुलामुलींना क्रिकेट शिकवणाऱ्या गावातल्याच माणसाला आम्ही दर पंधरवड्याला पगार देऊ, दोन वर्षं देऊ, काम पाहून पुढे तीन वर्षं देऊ. अट एक. मुलग्यांइतक्याच मुलीही शिकल्या पाहिजेत.

इसिकेलीइतकं क्रिकेट आमच्याकडे कोणालाच येत नव्हतं. चर्चच्या मागे काथ्याची चटई अंथरून आमच्या चार पिढ्या खेळल्या, पण त्या ताकदीवर खेळल्या. हा पोरगा डोक्याने खेळायचा. तो सुव्याला जाऊन कोचांचा महिन्याभराचा वर्ग करून आला, छापील कागद घेऊन आला, आणि भरलेली पिशवी त्याने रिकामी केली. माझ्या बहिणीने त्या दिवशी माझ्या बायकोच्या हाती नारळाच्या दुधात शिजवलेला मासा पाठवला. मला समजलं. एक मुलगा तिला समुद्राने परत दिला होता.

मुलगे वीस जमले. मुली अकरा. त्या अकरांपैकी सात इसिकेलीच्या बहिणी. कोणी चुलत, कोणी मावस, कोणी आजोबांकडून मोजून. उरलेल्या चौघी आते-मामे, पण बहिणी ऐकत असताना त्यांच्याशी तरी कसं बोलणार? पहिल्या दिवशी तो मैदानावर उभा राहिला, अकरा मुली ओळीत बसल्या, आणि तासभर कोणी तोंड उघडलं नाही. त्याचा मामेभाऊ माथिऊ, म्हणजे माझाच मुलगा, कुंपणावर बसून सगळं बघत होता. संध्याकाळी यांगोना, म्हणजे आमचं मुळं कुटून केलेलं पेय, पिताना तो म्हणाला, "चांगली प्रार्थना घेतलीस आज. शांत. आमेन तेवढं म्हणायचं राहिलं."

वाट काढली वासेवा बुबूने. बुबू म्हणजे आजी, आणि ती गावातल्या निम्म्या लोकांची कशी ना कशी आजी लागते. नातवाने आजीशी काय वाटेल ते बोलावं. ही बुबू दर रविवारी उपासनेआधी बायकांची ओळ घेऊन बसते आणि पवित्र शास्त्रातल्या गोष्टी गाऊन सांगते. योना माशाच्या पोटात कसा कुढला, रूथ सासूला कशी बिलगली, सगळं ताल धरून, एकीने उचललं की दुसरीने झेलायचं. मी चाळीस वर्षं उपदेश करतो आहे. माझ्या उपदेशाला लोक डुलक्या घेतात. बुबू गाते तेव्हा मांडीवरची पोरंदेखील गप्प होतात. देव बोलतो तर तो तिच्या गळ्यातून बोलत असावा, असं मला कितीदा वाटलं आहे.

तर असं झालं की मैदानाच्या कडेला पपईच्या झाडाखाली बुबू बसायची, तोंड मुलींकडे. तिच्यासमोर इसिकेली बसायचा, पाठ मुलींकडे. मुली चेंडू टाकायच्या. तो ऐकायचा. धावत येणारीची पावलं, उडीचा दाब, चेंडू चटईवर कुठे आपटला, बॅटच्या मध्यावर लागला की कडेला. ऐकून तो हलक्या आवाजात बुबूला सांगायचा, आणि बुबू ते गाण्यात घालून पलीकडे द्यायची.

हात कानाशी, नजर खांबाशी,
टाच रोवू दे, देह वळू दे,
सुटला चेंडू तो सुटला पोरी,
मागे धाडू नको मन त्याच्या.

मुली ते म्हणत म्हणत धावायच्या. विहिरीवर म्हणायच्या, चटया विणताना म्हणायच्या. वर्षभरात त्या अशा तयार झाल्या की शेजारच्या बेटाच्या बायकांचा संघ होडीतून आला आणि चाळीस धावांत परत होडीत बसला.

सगळ्यांत तेज तारुसिला. इसिकेलीच्या धाकट्या काकाची मुलगी, म्हणजे सख्खी म्हणावी अशी बहीण. एकोणीस वर्षांची, सुव्याला शाळेत दोन वर्षं राहून आलेली. तिचा चेंडू उजव्या खांद्यावरून निघायचा आणि खेळणारीच्या डाव्या पायाजवळ शिरायचा. तिची एकच खोड होती. धावताना तिसरं पाऊल घसरायचं. इसिकेलीने तिला धावताना कधी समोरून पाहिलं नाही, पण ते घसरणारं पाऊल त्याला दहा जणींच्या पावलांत ओळखू यायचं. "बुबू, तिसरं," एवढंच तो म्हणायचा. बुबूला नाव विचारावं लागायचं नाही.

माथिऊ त्याला सोडायचा नाही. म्हणायचा, जगात सगळ्या कोचांना डोळे लागतात, आमच्या कोचाला पाठ दाखवायचा पगार आहे. सगळे हसायचे, इसिकेलीही हसायचा. मागच्या खोलीतून वाइसेआचं हसूसुद्धा कधीकधी ऐकू यायचं.

दोन वर्षं संपत आली तेव्हा पत्र आलं की संस्थेच्या टली बाई काम पाहायला येत आहेत. त्या जे लिहितील त्यावर पुढची तीन वर्षं.

इसिकेली माझ्याकडे आला. दारात वाकून बसला आणि बराच वेळ चटईचा धागा उसवत राहिला. मग म्हणाला, "मामा, त्या दिवशी मी नुसता मुलग्यांचा सराव घेऊ का? सुव्याला मी पाहिलंय. या लोकांना कोच बोलताना दिसावा लागतो. टाळ्या वाजवताना, हात धरून दाखवताना."

मी म्हणालो की पैसे मुलींसाठी आले आहेत, मुली न दाखवून कसं चालेल. मग त्याला धीर यावा म्हणून मी एक दृष्टान्त दिला. मला तेव्हा तो फार आवडला होता. म्हणालो, दिवा लावणाऱ्याला सांगत सुटावं लागतं का की मी उजेड केला? ज्याला डोळे आहेत तो बघतो. नीट वागणाऱ्या माणसाला जबाब द्यावा लागत नाही, बाळा. तू बहिणींचा किती मान ठेवतोस ते त्या बाईला दिसेल, आणि ती बघतच राहील.

त्याने मान हलवली. मी उपदेशक, वर मामा. माझं म्हणणं त्याने कसं मोडावं?

पुढचं सांगताना लाज वाटते, पण सांगतो. आम्ही सगळ्यांनी मिळून ते केलं. मुखियाच्या घरी बैठक झाली. पाहुणी लांबून येते आहे, तर तिला आपलं उत्तम ते दिसावं, असं ठरलं. एरवी इसिकेली थोडा तिरका बसायचा, एखाद्या वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून चेंडू बघायचा, लांबच्या नात्यातल्या बहिणींना मान डोलवून 'छान' म्हणायचा. मुखिया म्हणाला, त्या दिवशी ते नको. त्या दिवशी सगळं पूर्वजांसारखं. पूर्ण पाठ. आणि बाईंची खुर्ची बुबूच्या शेजारी मांडा, म्हणजे त्याचा वळलेला चेहरा त्यांना नीट दिसेल. खुर्ची मी मांडली.

टली बाई चांगल्या होत्या. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. उन्हाने लाल झालेल्या, मोठ्या हाडाच्या, सगळ्यांना नावाने विचारणाऱ्या. फुलांची माळ गळ्यात पडली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मुलग्यांचा सराव त्यांनी टाळ्या वाजवत पाहिला. मग मुली आल्या, आणि इसिकेली बुबूसमोर येऊन बसला. इस्त्रीचा सुलू नेसलेला, केसांना खोबरेल लावलेलं, पाठ ताठ. दीड तासात त्याची मान वळली नाही. तारुसिलाने सलग तीन चेंडूंवर तीन खांब उडवले, मैदान ओरडलं, आणि तो समोरच्या पपईच्या खोडाकडे बघत राहिला. इतका सुंदर मान मी आयुष्यात पाहिला नव्हता. मुखियाने माझ्याकडे बघून मान हलवली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

बाई वहीत लिहीत होत्या.

संध्याकाळी सभागृहात यांगोना झाला. मुखिया वरच्या बाजूला, बाई त्याच्या शेजारी, मध्ये मी दुभाषा, समोर इसिकेली, आणि पार दाराजवळ मुली. बाईंनी वाडगा दोन्ही हातांनी घेतला, प्यायल्या, आणि मग इसिकेलीला सरळच विचारलं की तुम्ही मुलींकडे एकदाही पाहिलं नाहीत, त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. का?

त्याला इंग्रजी येत होतं. मला भाषांतराची गरज नव्हती, त्यालाही नव्हती. पण उत्तर कसं द्यायचं? उत्तर होतं, 'या माझ्या बहिणी आहेत.' आणि तेच त्यांच्यासमोर तोंडाने म्हणता येत नाही. जो मान बोलून दाखवावा लागतो तो मोडलेला असतो. त्याने खाली चटईकडे पाहिलं. सगळ्यांनी चटईकडे पाहिलं. मग मी त्याच्या वतीने म्हणालो, "बाई, आमच्याकडे असंच असतं."

त्यांनी लिहून घेतलं. 'आमच्याकडे असंच असतं.' त्या वाक्याने जगात किती बायकांना गप्प बसवलं गेलं असेल, ते त्या बाईंना ठाऊक होतं, मला नव्हतं.

मग त्यांनी विचारलं की सगळं शिकवतात त्या तर या आजीबाई, यांना पगारातलं काय मिळतं? बुबूला प्रश्न समजावला तर ती दात नसलेलं तोंड उघडून हसली आणि म्हणाली, "माशांची डोकी आणून देतो मेला, आणि वर म्हणतो बुबू तुझा आवाज फाटलाय."

सभागृह हसलं. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. खोटं भाषांतर करणं पाप आहे. बाई हसल्या नाहीत.

तेव्हा तारुसिला उठली. मुखिया बसलेला असताना आमच्याकडे कोणी उभं राहत नाही, पुरुषसुद्धा नाही. ती उभी राहिली आणि इंग्रजीत बोलली. म्हणाली, "तुम्ही चुकीचं लिहिताय. मला येतं ते सगळं इसिकेलीने शिकवलं. तो माझा भाऊ आहे, म्हणून बघत नाही. त्याचं काम काढून घेतलंत तर तो बोटीवर जाईल. आमच्या घरात एक जण तसा पडलेला आहे."

तिने त्याचं नाव घेतलं. भावाचं नाव, भर सभेत, त्याच्यासमोर, आणि त्याच्या पोटापाण्यासाठी पदर पसरून. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनाही ते नाव ऐकू आलं. दाराजवळच्या सहा मुलींनी तोंडावर हात धरले. इसिकेली उठला, जमिनीलगत वाकून, डोकं कोणाच्याही वर न नेता चालत गेला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. वाटेत त्याचा पाय बाईंच्या वाडग्याला लागला. तो थांबला, वाडगा सरळ केला, आणि मग गेला.

बाईंना सगळं समजलं, हे सर्वांत वाईट. त्यांचा गैरसमज झाला असता तर आम्ही तो काढला असता. त्या माझ्याकडे वळून अगदी हळुवारपणे म्हणाल्या, म्हणजे या तरुणाला अकरांपैकी सात मुलींशी जन्मभर बोलता येणार नाही? मी म्हणालो, नाही. त्यांनी वही मिटली. मग जाऊन तारुसिलाला मिठी मारली, आणि त्या मिठीत ती लाकडासारखी उभी होती.

दुसऱ्या दिवशी तारुसिलाचा बाप देवमाशाचा दात घेऊन थोरल्या भावाच्या, म्हणजे इसिकेलीच्या बापाच्या घरी गेला. तो दात समोर ठेवून क्षमा मागितली तर समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही. थोरल्याने दात हातात घेतला, हुंगला, क्षमा केली. गुन्हा मिटला. ऐकलेलं काही मिटलं नाही. त्यानंतर इसिकेली मैदानावर आला तर मुली उठून जायच्या. त्याची लाज त्यांना बघवत नव्हती.

पुढच्या बोटीने पत्र आलं. मी ते मुखियाच्या ओसरीवर वाचून दाखवलं. तीन वर्षांचे पैसे मंजूर. शिवाय सिमेंटची पक्की खेळपट्टी. आणि प्रशिक्षक म्हणून यापुढे तारुसिला. पत्रात तिच्या धैर्याबद्दल चार ओळी होत्या. ती कबूल नसेल तर संस्था हे पैसे दुसऱ्या बेटाला देईल, अशी शेवटी अर्धी ओळ होती.

ती नको म्हणाली. बापापुढे म्हणाली, मुखियापुढे म्हणाली, माझ्या पायाशी बसून रडली. मुखियाने तिला एवढंच विचारलं की एका घराची भाकरी जायची ती गेलीच आहे, आता एकतीस पोरांचा खेळही घालवायचा का? ती गप्प झाली. गप्प म्हणजे कबूल.

ज्या बोटीने पत्र आणलं तीच बोट चौथ्या दिवशी निघणार होती. समुद्रकाकडीचा व्यापारी तिच्यातच होता. इसिकेली पिशवी घेऊन माझ्याकडे निरोप घ्यायला आला. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि तो शेवटपर्यंत डोकं खाली घालून बसला. मग म्हणाला, "मामा, दृष्टान्त चांगला होता तुमचा. फक्त बाईंनी तो ऐकलेला नव्हता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. धक्क्याच्या वाटेवर तो परत वळला आणि म्हणाला, बुबूला सांगा, तिसरं पाऊल अजून घसरतं.

तारुसिलाचा पहिला पगार झाला तेव्हा तिने पिठाचं पोतं आणि साखर माझ्या बहिणीच्या मागच्या दाराशी ठेवली आणि पळून गेली. बहिणीने ते अंधार पडेपर्यंत तिथेच राहू दिलं. मग आत घेतलं. वाइसेआला खायला तर लागत होतं.

आणि देवाच्या मनात काय असतं पाहा. तारुसिलाकडे वीस मुलगे आले, त्यांतले अकरा तिचे भाऊ. ती त्यांच्याकडे पाठ करून पपईखाली बसू लागली, बुबू पुन्हा तोंड करून गाऊ लागली, आणि सगळं होतं तसंच झालं, फक्त उलटं. संस्थेचा माणूस फोटो काढायला आला तेव्हा मात्र कोणाला शहाणपण शिकवावं लागलं नाही. मुखियाने स्वतः सांगितलं की मुलगे घरी, फक्त मुली मैदानावर, आणि तारुसिला, तू तोंडाने बोल, हातवारे कर, हास. ती हसली. तो फोटो आता सभागृहात लावला आहे. टली बाई आल्या तेव्हा एवढंच सुचलं असतं तर.

सिमेंटची खेळपट्टीही झाली. चर्चच्या मागे नारळाची मुळं लागली, म्हणून ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बांधली, माझ्या बहिणीच्या ओसरीपासून तीस पावलांवर. पाटी लावली. सिमेंट काही गुंडाळून दुसरीकडे नेता येत नाही.

पाचव्या महिन्यात इसिकेलीला चौघांनी बोटीतून उतरवलं. एका दिवसात तिसऱ्यांदा खाली गेला होता, आणि वर येताना थांबला नाही. कंबर, पाय, सगळं थोरल्यासारखं. सुव्याच्या इस्पितळाने सात आठवडे ठेवून परत पाठवलं. मागच्या खोलीत वाइसेआची चटई; दुसरी अंथरली तर जेवण द्यायला वाकायलाही जागा राहत नव्हती. म्हणून इसिकेलीला ओसरीवर ठेवलं. वाराही लागेल, असं बहिणीने माझ्या बायकोपाशी म्हटलं.

दुपारी चारला सराव सुरू व्हायचा. चारला पाच मिनिटं असताना माझी बहीण ओसरीवर यायची आणि चटईचं टोक धरून त्याला फिरवायची, तोंड भिंतीकडे. त्याला उठून दुसरीकडे जाता येत नव्हतं, आणि बहीण धावत असताना भावाने बघायचं नसतं. सहाला ती पुन्हा यायची आणि त्याला परत फिरवायची. मी चर्चच्या पायरीवरून हे रोज बघायचो. मैदानावर तारुसिला पाठमोरी, ओसरीवर तो पाठमोरा, आणि मध्ये बुबूचा फाटका आवाज. सुटला चेंडू तो सुटला पोरी.

एका दुपारी बुबूला ताप होता. गाणं नव्हतं. फक्त मुलींचा सराव होता, आणि तारुसिला त्यांना स्वतः चेंडू टाकून दाखवत होती. पहिला टाकला. दुसरा टाकला. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. ठक, ठक, आणि तिसरा जोरात. ठक्क. बोटांच्या पेरांनी ओसरीच्या फळीवर वाजवलेला.

ती जागीच थांबली. मुली थांबल्या. तिने मागे पाहिलं नाही. परत गेली, धावली, आणि तिसरं पाऊल दगडासारखं पडलं. चेंडू खांबांत गेला. ओसरीवर शांत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. पाऊल बरोबर पडलं की काही नाही, चुकलं की ठक्क. एकीचा खांदा लवकर उघडला तर दोनदा हलकेच. मुलींना आठवड्याभरात ती भाषा समजायला लागली. तारुसिलाचा चेहरा कितीतरी महिन्यांनी जरा उजळला. माझ्या बायकोने येऊन सांगितलं की घरी पोरगा आता जेवायला लागलाय.

गावही ऐकत होतं. शनिवारी यांगोनाला मुखियाने तो विषय काढला. कुजबुज होती की भाऊ बहिणीशी बोलतो, रोज, भर मैदानात, आणि सगळ्या मुली ऐकतात. माथिऊ म्हणाला, "फळी वाजवली त्याने. फळी काय बोलते?" पण तो थट्टेच्या नात्यातला, त्याचं म्हणणं कोण धरतो? मुखिया माझ्याकडे वळला. म्हणाला, उपदेशक, तुम्ही शास्त्र जाणता आणि चालही जाणता. हे वाजवणं म्हणजे बोलणं आहे की नाही?

वाडगा माझ्यापुढे होता. मला माहीत होतं की मी 'नाही' म्हटलं तर ते तिथेच मिटेल. मला हेही माहीत होतं की ते बोलणं होतं. दोन वर्षांत बुबूच्या तोंडून तो जितका बोलला नसेल तितकं तो त्या फळीवरून बोलत होता, मधल्या माणसाशिवाय, थेट. आणि त्या सभागृहात मी एकदा खरं असूनही अर्धंच बोललो होतो, त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली. या वेळी पूर्ण खरं बोलायचं असं मी ठरवलं.

"बोलणंच आहे," मी म्हणालो.

सोमवारी वाइसेआची चटई भिंतीला सरकवली, मधली पेटी बाहेर काढली आणि दुसरी चटई मागच्या खोलीत अंथरली. चौघांनी इसिकेलीला आत नेलं. मी दुसऱ्या दाराशी उभा होतो. माझी बहीण त्याची उशी घेऊन माझ्यासमोरून गेली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. बोलली नाही. तिने चाल मोडली नाही.

त्या खोलीची जमीन मातीची आहे. वाजवायला फळी नाही.

बुबू या उन्हाळ्यात गेली. तिच्या जागी बायकांची ओळ आता मीच धरतो, पण माझ्या गळ्यात ते नाही. परवा तारुसिलाला धावताना पाहिलं. तिसरं पाऊल पुन्हा घसरायला लागलं आहे. तिला ते सांगायला मला कसलीच आडकाठी नाही, मी मामा लागतो. जवळ गेलोही. ती थांबली, कपाळ पुसून म्हणाली, "काय मामा?"

ते पाऊल रोवायचं कसं, हे मला येत नाही. मी म्हणालो, काही नाही, ऊन फार आहे आज.

"हो," ती म्हणाली, आणि चेंडू उचलायला गेली.